डेटाबेस जोडणीतील पोर्टबंदी : कारणे व सुरक्षित पर्याय

प्रस्तावना :
चांदवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन ग्रंथालयाचा डेटाबेस दूरस्थ सर्व्हरवर ठेवल्यास एक अडचण संभवते. संकेतस्थळे उघडतात, परंतु डेटाबेसशी जोडणी होत नाही. अशा वेळी दोष आज्ञावलीत असेलच असे नाही. सेवादात्याने संबंधित पोर्ट बंद केलेले असू शकते.

पोर्टबंदीची पार्श्वभूमी :
पोर्ट म्हणजे संगणकावरील विशिष्ट सेवेचा क्रमांकित दरवाजा होय. मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ५४३२, तर मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ हे प्रचलित क्रमांक आहेत. दि. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' या वर्मने १४३४ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवरून सुमारे दहा मिनिटांत हजारो संगणक बाधित केले. या त्रुटीवरील दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध होती. ती अनेकांनी बसविली नव्हती. त्यानंतर अनेक सेवादात्यांनी असे पोर्ट रोखले. म्हणजेच ही बंदी मूलतः संरक्षणात्मक आहे.

निदान :
जोडणी 'नाकारली' गेल्यास विनंती बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते. केवळ 'वेळ संपली' असा संदेश आल्यास ती वाटेत अडली असण्याची शक्यता असते. तीच चाचणी मोबाईल इंटरनेटवरून यशस्वी झाल्यास अडथळा मूळ जोडणीच्या मार्गात आहे, असे समजावे.

उपाययोजना :
१) केवळ पोर्ट क्रमांक बदलणे : जोडणी होते, परंतु डेटाबेस जगासमोर उघडाच राहतो. म्हणून हा उपाय अपुरा आहे.
२) एसएसएच बोगदा : स्वतःच्या संगणकावरील ३३०७ हे पोर्ट २२ क्रमांकाच्या कूटबद्ध मार्गाने सर्व्हरवरील ३३०६ शी जोडावे. डेटाबेस १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावरच ठेवावा. पासवर्डऐवजी कूटकिल्ली वापरावी.
३) वेब सेवा : ४४३ या पोर्टवरून एचटीटीपीएसद्वारे विनंती घेऊन सर्व्हरवरील आज्ञावलीनेच डेटाबेस हाताळावा. अनेक वापरकर्ते असल्यास हा मार्ग श्रेयस्कर ठरतो.

महाविद्यालयाच्या जाळ्यातील बंदी असल्यास बोगदा उभारण्यापूर्वी जाळे-प्रशासकाची अनुमती घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक ज्या डेटाबेसमध्ये आहेत, तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे समर्थनीय नाही. सेवादात्याकडून पोर्ट खुले करून घेणे सोपे असले, तरी कूटबद्ध मार्ग स्वीकारणे अधिक हितावह आहे. त्यामुळे जोडणी साधते आणि बंदीमागील हेतूही सुरक्षित राहतो.