लाल दिव्याचा भरवसा किती?

बीटलवेट म्हणजे तीन पौंडांचा, जेमतेम १.३६ किलोचा लढाऊ रोबो. बघ्यांचे डोळे त्याच्या फिरत्या पात्यावर खिळलेले असतात. तपासनीस मात्र आधी दोन किरकोळ वाटणाऱ्या वस्तू शोधतो: बाहेरून दिसणारा दिवा आणि हाताने उपसता येणारी लिंक. अमेरिकेतल्या अनेक स्पर्धा ‘स्पार्क’च्या नियमावलीवर चालतात. तिच्यात दिवा सक्तीचा आहे. मुख्य वीज हाताने तोडायची सोयही सक्तीची, मग ती लिंकने करा की स्विचने.

लिंक बनते अगदी साध्या सामानातून. बॅटरीची लाल वायर मध्येच कापायची आणि दोन्ही टोकं एका कनेक्टरच्या दोन टर्मिनलांना डाग देऊन जोडायची. कनेक्टरच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची दोन्ही टर्मिनलं जाड वायरच्या तुकड्याने आपसात जोडली, की झाली लिंक. खोचली की वीज सुरू, उपसली की बंद. ६० अँपिअरचा एक्सटी-६० मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. पण बॅटरीलाही बहुधा तोच कनेक्टर असतो. घाईत लिंक थेट बॅटरीतच खोचली तर शॉर्ट ठरलेला, आणि लिथियम पॉलिमरच्या शॉर्टची गंमत कोणी करू नये. म्हणून जाणकार लिंकसाठी वेगळ्या मापाचा कनेक्टर घेतात. बीटलवेटला बऱ्याचदा छोटा एक्सटी-३० पुरतो.

दिवा लिंकच्या पुढे, रोबोच्या बाजूला, प्लस-मायनसवर लावायचा. चार सेलची बॅटरी पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट देते. लाल एलईडीला त्यातले साधारण दोन पुरतात, उरलेले १४.८ रेझिस्टरने खायचे. दीड किलोओमचा लावला की १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. बॅटरी उतरून १२.८ व्होल्टवर आली तरी सातेक मिलिअँपिअर मिळतात, दिवा दिसतोच. काहीजण एलईडी रिसीव्हरच्या पाच व्होल्टवर टांगतात. मला ते पटत नाही. पाच व्होल्टचं ते सर्किट जळलं तर दिवा विझतो, पण पात्यापर्यंत वीज पोचलेलीच असते. असा दिवा नसलेला बरा.

नीट जोडलेला दिवाही कधी चकवतो. लिंक उपसल्यावर तो लगेच विझत नाही, कारण स्पीड कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. पातं अजून फिरत असेल तर मामला आणखी विचित्र. फिरणारी मोटर जनरेटरसारखी वागते, तिची वीज कंट्रोलरमधल्या ट्रान्झिस्टरांच्या अंगच्या डायोडमधून उलटी येते आणि बॅटरी तुटलेली असूनही एलईडी लुकलुकत राहते. बंद रोबोची चाकं हाताने जोरात फिरवली तरी कधीकधी हाच चमत्कार दिसतो.

थोडक्यात, दिवा सांगतो तारांवर व्होल्टेज आहे एवढंच. ते कुठून आलं हे नाही. म्हणून नुसत्या दिव्याच्या भरवशावर रोबो उचलत नाहीत. आधी पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग पात्याला अडसराची पिन घालायची आणि लिंक उपसायची. सुरू करताना क्रम उलटा: पिन जागेवर ठेवून रिमोट लावायचा, लिंक खोचायची, दिवा बघायचा, पिन काढायची आणि रिंगणाबाहेर येऊन दार लावायचं.