चांदीचा रुपया आणि मजुरीचे मोल

कामगारांच्या सभेत महागाईचा विषय निघाला की श्रोत्यांतून एक सूचना हमखास येते. "सरकारच्या कागदावर भरवसा ठेवण्यापेक्षा पूर्वीचा चांदीचा रुपया काय वाईट होता?" दुसरा कोणी त्याच्याही पुढे जातो. "रुपयाच नको. वस्तू द्यावी, वस्तू घ्यावी, म्हणजे मध्ये सरकार येणारच नाही." या सूचनांच्या मुळाशी असलेला अविश्वास आम्हांस पोकळ वाटत नाही. मजुरी ठरलेल्या आकड्यात मिळते आणि बाजारभाव रोज बदलतात. तेव्हा पैशाचा कारभार ज्याच्या हाती, त्याच्याकडे कामगाराने संशयाने पाहावे हे स्वाभाविकच आहे. परंतु रोगाची जाण खरी असली तरी सांगितलेले औषध खरे असतेच असे नाही. म्हणून वस्तूंची देवघेव, चांदीचे नाणे आणि सरकारची सत्ता या तिहींचा इतिहास कामगाराच्या बाजूने तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. पगारपत्रके, लवादाचे निवाडे आणि वाचनालयातील पुस्तके हीच आमची शाळा.

प्रथम देवघेवीचा विचार करू. तिचा नमुना पाहण्यास दूर जावयास नको. आपल्याच खेड्यांत बलुतेदारी पिढ्यान्‌पिढ्या चालली. सुताराने नांगर दुरुस्त करावा, लोहाराने फाळ पाजवावा, चांभाराने मोट शिवावी, कुंभाराने मडकी द्यावीत, आणि सुगीला खळ्यावर जाऊन प्रत्येकाने आपला धान्याचा वाटा घ्यावा. या व्यवस्थेचा एक गुण मान्य केला पाहिजे. बाजारात ज्वारी महाग होवो की स्वस्त, बलुतेदाराच्या घरी ज्वारीच येई. पण तो वाटा किती, हे रूढीने ठरलेले असे आणि रूढीचा अर्थ लावण्याचा अधिकार धान्य देणाऱ्याचा असे. काम वाढले म्हणून वाटा वाढत नसे; दुष्काळ पडला की खळेच रिकामे. गाव सोडून जावे तर हक्क बुडाला. महार वतनात तर कामाला वेळेची मर्यादाच नव्हती. गावकीची व सरकारी कामे रात्रंदिवस करायची आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा व बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याच कारणासाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. यातला धडा साधा आहे. रोख मजुरी खिशात घालून माणूस दुसऱ्या गावी जाऊ शकतो. बलुते पाठीवर घेऊन जाता येत नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मजुरी चालू नाण्यात किंवा नोटांतच द्यावी असे मालकावर बंधन घातले, तेही मालाच्या रूपाने पगार देऊन त्यात काटछाट करण्याची वाट बंद व्हावी म्हणून. देवघेवीत सरकार येत नाही हे खरे. पण त्याच्या जागी पाटील येतो, सावकार येतो, मालक येतो.

आता चांदीकडे वळू. पेशवाईत व त्यानंतरही काही काळ आपल्याकडे रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी अशी अनेक नाणी चालत आणि प्रत्येकाचा कस व वजन निराळे. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी मोडायचा तर सराफ बट्टा कापून घेई. न्यायमूर्ती रानडे यांनी, ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, मराठेशाहीतील टांकसाळी व नाणी यांवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा. बट्ट्याचा भुर्दंड पडे तो ज्याच्या हाती थोडे पैसे आणि पुष्कळ निकड, त्याच्यावर.

१८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. रुपया हेच तोळ्याचे माप झाले. या व्यवस्थेचे मर्म मात्र वजनात नव्हते. कोणीही आपली चांदी टांकसाळीत न्यावी, ठरलेला आकार द्यावा आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातील चांदीची किंमत एकमेकींना धरून राहत. शेतकऱ्याच्या बायकोच्या अंगावरचे तोडे व वाळे हे अडचणीच्या वेळचे रुपयेच होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात असे कितीतरी दागिने मुंबईच्या टांकसाळीत येऊन वितळले.

मग बिघडले कोठे? पहिला बिघाड चांदीतच झाला. १८७१ नंतर जर्मनीने व पाठोपाठ इतर देशांनी सोन्याचे चलन स्वीकारले, आपल्याकडची चांदी विकावयास काढली. अमेरिकेच्या खाणींतूनही चांदीचा पूर आला. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. कोणी नोटा छापल्या नव्हत्या, कोणी नाण्यात भेसळ केली नव्हती. तरी धातूचाच भाव कोसळला. चांदी म्हणजे स्थिर किंमत, हा समज इतिहासाला धरून नाही.

दुसरा बिघाड सरकारने केला. हिंदुस्थान सरकारला विलायतेत सोन्यात देणी द्यावी लागत, म्हणून घसरता रुपया त्याला परवडेना. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून जून १८९३ मध्ये जनतेच्या चांदीसाठी टांकसाळी बंद झाल्या. हेतू असा की रुपये कमी पडावेत व त्यांचा भाव चढावा. तो चढलाही, आणि पुढे एक शिलिंग चार पेन्सांवर ठरवण्यात आला. पण घरोघरच्या चांदीचे काय झाले? ती रुपयापासून तुटली. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा तोडे टांकसाळीत नेण्याची वाट उरली नव्हती. सराफ देईल तो भाव घ्यावा लागे. कायद्याच्या एका फटक्याने गरिबाच्या गाठीची किंमत उतरली, आणि त्याला कोणी विचारलेही नाही.

या साऱ्या व्यवस्थेची चिरफाड डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या ग्रंथात केली. त्यांच्या प्रतिपादनातील दोन गोष्टी कामगाराने ध्यानात ठेवाव्यात. रुपयाचा भाव पडला की निर्यातदाराला जो नफा होतो, तो आकाशातून पडत नाही. किंमती वाढतात, मजुरी मागे राहते आणि मधला फरक मालकाच्या पदरात पडतो. दुसरी गोष्ट ही की नवे रुपये काढण्याची सरकारची मनमानी मुठीत ठेवल्याशिवाय चलनाला स्थैर्य येणार नाही. म्हणजे अविश्वास त्यांनाही होता. परंतु त्यांनी त्याचे उत्तर नियमांत शोधले.

चांदीचा रुपया सरकारच्या हातून सुरक्षित होता काय? पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९१७ साली सरकारने एक रुपयाची नोट काढली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातील चांदी अकरा बारांशांवरून निम्म्यावर आणली आणि चांगल्या चांदीची जुनी नाणी टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला. जे सरकार कागद छापू शकते ते चांदीत तांबेही मिसळू शकते. संकट नसताना चांदी पाळली गेली. खरे संकट आले तेव्हा प्रत्येक वेळी सोडली गेली.

तेव्हा सरकारवर विश्वास ठेवावा काय? आंधळा तर मुळीच नाही. मोठ्या नोटा १९४६ साली रद्द झाल्या, १९७८ साली झाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, त्या चलनातील एकूण रकमेच्या सुमारे ८६ टक्के होत्या. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम परत आली. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात कंत्राटी मजुरांच्या हाती दोन महिन्यांचा आगाऊ पगार ठेवण्यात आला, तोही रद्द झालेल्या नोटांत. मालकाचा भार हलका झाला आणि मजूर बँकेच्या रांगेत उभा राहिला. रोजी बुडाली ती त्याची.

परंतु या अविश्वासाला कामाला कसे लावावे, हेही आपल्या चळवळीने दाखवले आहे. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. पुढे भत्ता निर्देशांकाला जोडला गेला. निर्देशांक म्हणजे कामगाराच्या घरच्या धान्य, तेल, कापड, भाडे यांच्या भावांचे एकत्रित माप. मात्र माप सरकारच्या हातचे. त्या मापातच खोट आहे अशी ओरड झाली, १९६३ साली मुंबईत मोठे आंदोलन झाले आणि राज्य सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली. खरी भाववाढ निर्देशांकात पुरती उतरत नव्हती, असे त्या समितीला आढळले. कामगारांनी चांदी मागितली नाही, ज्वारीचे बलुतेही मागितले नाही. त्यांनी वजनाचे माप तपासून मागितले आणि ते दुरुस्त करून घेतले.

आजही मागायचे ते हेच. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात भाववाढीच्या लक्ष्याची तरतूद झाली. लक्ष्य सलग तीन तिमाह्या हुकले तर बँकेने सरकारला कारणे लेखी कळवावीत असे ठरले. २०२२ साली तसा प्रसंग आला, बँकेने अहवाल पाठवला, परंतु तो त्या वेळी लोकांपुढे ठेवण्यात आला नाही. ज्याच्या ताटातली भाकर लहान झाली त्याला तिचे कारण वाचावयास मिळू नये, हे योग्य नव्हे. असा अहवाल जाहीर व्हावा, निर्देशांकाचे भाव कोणत्या बाजारात व कसे घेतले ते खुले असावे, आणि संघटित-असंघटित असा भेद न करता प्रत्येक मजुराची मजुरी त्या निर्देशांकाबरोबर हलावी.

पैसा चांदीचा असो, निकेलचा असो की कागदाचा, त्याचे मोल शेवटी हिशेबाच्या सचोटीवर उभे असते. तो हिशेब मागण्याचा हक्क कोणतीही धातू आपणांस मिळवून देणार नाही. तो संघटनेनेच मिळवावा लागेल, आणि मिळाल्यावर दर महिन्याला बजावावा लागेल.