मजुरांच्या वाढत्या मुलांचें अन्न आणि व्यायाम

वरवट बकालच्या शिवारांत कापसाची वेचणी सुरू झाली, कीं आईबापांच्या मागोमाग चौदा-पंधरा वर्षांचीं मुलेंही कमरेला ओटी बांधून उभीं दिसतात. हीं मुलें बहुधा भूमिहीन मजुरांचीं किंवा आपल्याच सालदारांचीं. बैलाच्या ढेपेचा हिशेब आपण चोख ठेवतों; या मुलांच्या ताटांत काय पडतें, याची चौकशी किती कास्तकार करितात?

शाळेंत आठवीपर्यंत दुपारचें जेवण मिळतें. सहावी ते आठवीच्या मुलास त्यांत १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ असावी, असें सरकारी प्रमाण आहे. नववींत जातांच तें बंद होतें, आणि हाडामांसाच्या वाढीचा काळ तर हाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचें दिसून आलें. अशी मुलगी दुपारीं धापा टाकते. आपण तिला आळशी म्हणून मोकळे होतों.

पूर्वीं ज्वारीची भाकर हेंच मजुराचें मुख्य अन्न असे. आतां ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें, व मजुराच्या घरीं स्वस्त धान्य दुकानांतील गहू-तांदूळ. शेंकडा ४० च्या सुमारास प्रथिनें असलेलें हें पीक पोत्यांनीं बाजारांत जातें; तें कापणाऱ्याच्या मुलाच्या मुखीं मात्र दाणाही क्वचितच लागतो. सोयाबीन कच्चें कधींच देऊं नये. भिजवून चांगलें शिजवावें, किंवा भाजून धान्यांत थोडें मिसळून दळावें.

वेचणीच्या दिवसांत मजुरीखेरीज एक वेळचें जेवण बांधावर देणें मध्यम कास्तकारासही अवघड नाहीं. ज्वारीची भाकर, तुरीचें वा मुगाचें घट्ट वरण, अंबाडी किंवा तांदुळजा, वर लिंबाची फोड. लिंबानें भाजींतील लोह अंगीं लागतें. जेवणावर लगेच चहा घेतल्यास तें पुष्कळसें वाया जातें. चहा तासाभरानें द्यावा. अनवाणी पायांच्या कातडींतून जंत शरीरांत शिरतात व रक्त शोषितात. म्हणून चपला घेऊन देणें हेंही अन्न देण्यासारखेंच होय. जंताची गोळी १९ वर्षांपर्यंत शाळेंत व अंगणवाडींत फुकट मिळते. शाळा सुटलेल्या मुलींसाठीं लोहाची निळी साप्ताहिक गोळीही अंगणवाडींत असते. त्यांच्या आयांस हें आवर्जून सांगावें.

राबणाऱ्या मुलास व्यायाम कशाला, असा आक्षेप निघेल. परंतु दिवसभर वाकून एकच काम केल्यानें पाठ आंखडते. सर्वांगास चालना मिळत नाहीं. अर्थात् उपाशी पोरास दंड-बैठका सांगणें हा निव्वळ निर्दयपणा आहे. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ करून दाखविले. या खेळांस लागतें काय? मोकळी जमीन आणि मल्लखांबासाठीं एक लाकडी खांब. खळें उठल्यावर रिकामी राहणारी जागा उन्हाळाभर मुलांस द्यावी, मुलींच्या खोखोस वेगळी वेळ ठेवावी. खेळ सकाळीं आठाच्या आंत संपवावा, आणि खारपाणपट्ट्यांत जेथें विहिरीचें पाणी खारें, तेथें गोड्या पाण्याचा रांजण आधीं भरून ठेवावा.