देवाच्या चाकराचं पोट

दिवाळी सरली की मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या खाचरांत भाताची झोडणी सुरू होते. आता बहुतेक ठिकाणी मळणीयंत्र येतं, धुरळा उडवतं आणि दोन-तीन तासांत पोती शिवून मोकळं होतं. पण सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या शेतकऱ्याजवळ बसलं, तर यंत्र येण्याआधीचं खळं तो अजून डोळ्यांसमोर उभं करतो. शेणानं सारवलेली जमीन, मधोमध भाताची रास, कडेला पेंढ्याची उडवी. आणि राशीभोवती, घाई न करता, उभी राहिलेली माणसं. धान्य घरात जायच्या आधी सुपानं मोजून बाजूला पडायचं ते त्यांचं. लोहाराचं, सुताराचं, न्हाव्याचं. त्यात एक वाटा गुरवाचा.

गुरवाकडे औत नव्हतं, ऐरण नव्हती, वस्तराही नव्हता. त्यानं वर्षभर गावच्या देवाला पाणी घातलं होतं, गाभारा झाडला होता, संध्याकाळी दिवा लावला होता, बेल-फुलं वाहिली होती. लग्नकार्य निघालं की पत्रावळीही तोच पुरवायचा. या कामाचा मस्टर कुठे नव्हता. गावाला ठाऊक होतं, देवाला ठाऊक होतं. पगार राशीत होता.

देवाची चाकरी करणारा माणूस शेतात राबला तर देऊळ कुणी बघायचं, आणि देवळातच राहिला तर त्यानं खायचं काय? हा पेच शेती करणाऱ्या प्रत्येक समाजाला पडला. त्याचं सविस्तर, अगदी कलमवार म्हणावं असं लेखी उत्तर मुरबाडपासून हजारो कोसांवर, प्राचीन इस्राएल लोकांनी दिलं होतं. ते समजून घेतलं की आपल्या गुरवाचं, जोशाचं आणि भगताचं गणितही जास्त नीट उलगडतं.

इस्राएलचे वंश कनान देशात स्थिरावले तेव्हाच्या वाटणीची हकिगत बायबलमधल्या जुन्या करारात आहे. प्रत्येक वंशाला जमिनीचा भाग मिळाला, लेवीच्या वंशाला मिळाला नाही. देवाच्या निवासमंडपाची आणि पुढे मंदिराची सेवा हे त्यांचं काम होतं. जमिनीच्या बदल्यात त्यांना सगळ्या इस्राएलच्या पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, मिळायचा. या लेवींनी मिळालेल्या दशमांशाचा पुन्हा दशमांश काढून याजकांना, म्हणजे अहरोनाच्या वंशजांना द्यायचा. सेवकावरही कर होता म्हणायचा. राहण्यासाठी त्यांना देशभर विखुरलेली 48 नगरं नेमून दिली होती आणि प्रत्येक नगराभोवती गुरांसाठी मोजून दिलेलं कुरण. आपल्या भाषेत सांगायचं तर गावठाण होतं, गायरान होतं, सातबारा नव्हता.

याजकांच्या हक्कांची यादी तर वाचण्यासारखी आहे. अर्पणाच्या जनावराची उरडी आणि उजवी मांडी याजकाची. दुसऱ्या एका ठिकाणी फरा, दोन्ही जबडे आणि कोठा त्याचा सांगितला आहे. नव्या धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा पहिला भाग त्याचा. मेंढरांची पहिली लोकर त्याची. मंदिरात मांडलेल्या 12 भाकरी दर शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारी, बदलायच्या आणि आधीच्या याजकांनी खायच्या. जत्रेतल्या बकऱ्याची मुंडी कुणाची आणि फरा कुणाचा यावरून रुसवेफुगवे पाहिलेल्या मराठी माणसाला ही यादी परकी वाटायची नाही.

इतकं बारकाईनं लिहून ठेवायची गरज का पडली, याचं उत्तरही त्याच ग्रंथात आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली नावाच्या याजकाचे दोन मुलगे भेटतात. भाविक मांस शिजवत असले की त्यांचा नोकर तीन दात्यांचा काटा घेऊन येई, हंडीत खुपसे आणि काट्याला लागेल ते घेऊन जाई. पुढे तर शिजायचीही वाट न बघता कच्चं मांस मागू लागले. आपल्याच पुरोहितांबद्दलची तक्रार पवित्र ग्रंथात जशीच्या तशी ठेवणाऱ्या या लोकांचं कौतुक वाटतं.

त्याहून मासलेवाईक गोष्ट शास्ते या पुस्तकातली. मीखा नावाच्या माणसानं घरातच देवघर उभारलं आणि वाटेनं जाणाऱ्या एका तरुण लेवीला नोकरीवर ठेवलं. अटी स्पष्ट: वर्षाला चांदीचे दहा शेकेल, अंगावरचे कपडे आणि जेवणखाण. पुजाऱ्याचा हा पगारी नेमणूक करार इतका जुना आहे. पुढे दान वंशाचे लोक त्या वाटेनं आले आणि त्या तरुणाला म्हणाले की एका घराचा पुजारी राहण्यापेक्षा आख्ख्या वंशाचा हो. गडी खूश झाला आणि मालकाच्या देवमूर्ती उचलून त्यांच्याबरोबर चालता झाला!

पण वाट्यावर जगण्यातली खरी ठेच इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या नहेम्याच्या वेळी लागली. हा यरुशलेमचा प्रांताधिकारी काही काळ बाहेरगावी गेला होता. परत येऊन बघतो तर मंदिरातले लेवी आणि गायक गायब. लोकांनी वाटा देणं थांबवलं होतं आणि हे आपापल्या शेतांवर निघून गेले होते. नियमानं ज्यांना जमीनच नव्हती, ते शेतावर गेले! नियम आणि पोट यांच्यात पोटानं कधीच वाट काढली होती. नहेम्यानं अधिकाऱ्यांना खडसावलं, सेवकांना परत आणलं आणि कोठारांवर चार माणसं नेमली. एक याजक, एक लेखनिक, एक लेवी आणि त्यांच्या हाताखाली एक मदतनीस. वाटपाचा हिशेब एकाच्या हातात न ठेवण्याचं शहाणपण आजच्या देवस्थान ट्रस्टलाही उपयोगी पडेल.

हे इस्राएल लोक ठाणे जिल्ह्याला अनोळखी नाहीत. कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलतात, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ठाणे शहरातलं त्यांचं 'शआर हाशामाईम' हे प्रार्थनामंदिर 1879 सालचं. यरुशलेमचं मंदिर रोमनांनी इसवी सन 70 मध्ये पाडलं आणि दशमांशाची ती सगळी व्यवस्था त्याबरोबर कोसळली. कोकणातल्या या समाजाचं धर्मकार्य पिढीजात 'काजी' सांभाळत. गावोगाव फिरून विधी करायचे, तंटे मिटवायचे. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी या ज्यू धर्मशिक्षकानं त्यासाठी झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर अशी तीन घराणी निवडली. यातलं शापूर म्हणजे अलिबागकडचं शहापूर. आपल्या शहापूरच्या आसनगाव स्टेशनवर उतरून ते सापडणार नाही.

आता पुन्हा आपल्या खळ्यावर.

लेवींना जमीन नाकारून वाटा दिला गेला. महाराष्ट्रानं वाटाही दिला आणि जमीनही. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 1915 सालचं 'गावगाडा' हे या बलुतेदारी व्यवस्थेचं सर्वांत चोख वर्णन. बलुतेदारांच्या याद्या गावागणिक बदलतात, पण धर्माची चाकरी करणारे तिघे त्यांत वारंवार येतात: पंचांग सांगणारा जोशी, देऊळ सांभाळणारा गुरव आणि बकरं हलाल करणारा मुलाणी. हिंदू गावाच्या राशीतून मुलाण्याला वाटा जायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. कोकणात ही चौकट देशावरइतकी घट्ट नव्हती. विखुरलेल्या वाड्या, पाडे, मधे जंगल. पण घाटाच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांत माळशेज आणि कसाऱ्याच्या वाटेनं देशावरची वहिवाट उतरत राहिली.

वाट्याचा गुण असा की गाव आणि देवाचा चाकर एकाच नावेत बसतात. पाऊस दगा देतो तेव्हा रास लहान आणि गुरवाचं सूपही लहान. जमिनीचं तसं नाही. राजानं किंवा गावानं दिवाबत्तीसाठी इनाम लिहून दिलं की पुजाऱ्याचं पोट गावच्या मर्जीवर राहत नाही. ही सोय खरी, पण भांडणाचं बीही तिथेच पडतं. एका गुरवाची चार मुलं होतात, चारांची सोळा. जमीन तेवढीच आणि देवही एकच. मग पाळ्या पडतात. या वर्षी थोरल्या घराची पाळी, पुढच्या वर्षी धाकट्याची, नाहीतर महिन्यांची वाटणी. यरुशलेमच्या याजकांनीही हेच केलं होतं: 24 वर्ग पाडले आणि एकेका वर्गानं आठवडाभर सेवा करून घरी जायचं. पाळी असेल तेव्हा येईल ते उत्पन्न त्या घराचं, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

जोशाचा हक्क मात्र वेगळ्या वळणानं गेला. गावजोशी हा वतनदार, त्यामुळे यजमानानं बोलावलं नाही तरी दक्षिणेवर त्याचा दावा राहायचा. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय लग्नं लागू लागली, तेव्हा हा दावा थेट कोर्टात उभा राहिला. माळशेज घाट चढून गेलं की काही मैलांवर ओतूर लागतं. तिथल्या सत्यशोधकांनी अशी लग्नं लावली म्हणून ग्रामजोशांनी केलेला खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याला बोलावलं नाही त्याला पैसे का द्यायचे, या साध्या प्रश्नाचा कायद्यानं निकाल लागायला 1926 साल उजाडलं. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेलं 'जोशी बिल' मंजूर झालं आणि न केलेल्या विधीची दक्षिणा मागण्याचा हक्क संपला.

या सगळ्या चौकटीबाहेर राहिला तो आदिवासी पाड्यांचा देवकारभार. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्यांवर भगत असतो. त्याला इनाम नाही, ठरलेलं बलुतं नाही. तो स्वतः नांगर धरतो, रानात जातो, मजुरीलाही जातो. कुणाच्या घरी देव बघायचा असला की नारळ, तांदळाचे दाणे, कोंबडी, प्यायला थोडी दारू. जे असेल ते. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे धवळे गाणारी बाई. तिलाही मान मिळतो, पगार नाही. देवाचा पहिला हिस्सा काढायची रीत इथेही तितकीच कडक आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीची कवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, नवं भात पूर्वजांना दिल्याशिवाय शिजवायचं नाही. फरक एवढाच की तो पहिला घास देवाला जातो, भगताचं घर त्यावर चालत नाही. यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतरच्या ज्यू धर्मगुरूंची गत अशीच झाली. त्यांतले कित्येक हातानं काम करून पोट भरत. त्यांच्यातल्या एका नामवंत योहाननला तर त्याच्या धंद्यावरून 'चांभार' हीच ओळख चिकटली.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांनी गावगाड्याचे सांधे एकेक करून सोडवले. समाजोपयोगी सेवा इनामं 1953 च्या कायद्यानं गेली, कनिष्ठ ग्रामवतनं 1958 च्या कायद्यानं. देवस्थान इनाम मात्र उरलं. महसुलाच्या भाषेत ते 'वर्ग 3', आणि देवळाचा कारभार 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. वाटा मात्र कुणी कायदा करून बंद केला नाही. तो खळ्याबरोबर गेला. मुरबाडला एमआयडीसी आली, वाशिंद-आसनगावहून पोरं सकाळची लोकल पकडून कामाला जाऊ लागली, भात विकत घेणं स्वस्त पडू लागलं. ज्याच्याकडे रासच नाही तो सुपात काय घालणार? त्याऐवजी गावकीची वर्गणी आली, ताटातली नोट आली, दानपेटी आली. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, तुफान गर्दी. देवापुढे पडतं ते रोख.

जमिनीचा वाद अजून जिवंत आहे. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात 6 सप्टेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की देवस्थानच्या जमिनीची मालक देवता. पुजारी तिच्या वतीनं व्यवस्था बघणारा सेवक, आणि मालकाच्या रकान्यात त्याचं नाव लावायची गरज नाही. लेवींना जमीन नाकारणाऱ्या नियमाशी हा निकाल फार जवळचा आहे. मात्र तिथे जमिनीच्या बदल्यात दहावा हिस्सा ठरलेला होता. इथे तीन-चार पिढ्या कसलेल्या शेताच्या भरवशावर दिवा लावणाऱ्याला बदल्यात काय, ते प्रत्येक ट्रस्टच्या आणि गावकीच्या मर्जीवर आहे.

गावच्या देवळाच्या नावावर जमीन असेल तर तिचा सातबारा आणि जुने फेरफार तलाठी कार्यालयात बघायला मिळतात. खळ्यावरच्या हिशेबाचा कागद कधीच नव्हता. गुरवाला किती पायल्या, आधी कुणाचं सूप भरायचं, दुष्काळात काय केलं, हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. या मळणीला त्यांच्याजवळ तासभर बसून ते लिहून घ्या.