स्थलांतराचे अध्ययन आणि समाजकार्याचे परदेशी अभ्यासक्रम : मेक्सिकोच्या संदर्भात

प्रस्तावना

२००८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या एका रुग्णालयात एका मेक्सिकन स्त्रीने मुलीला जन्म दिला. ही स्त्री वाहाका प्रांतातील चातिनो या आदिवासी समाजाची होती. तिची भाषा चातिनो. स्पॅनिश तिला जेमतेम समजत होती आणि इंग्रजी मुळीच येत नव्हती. तिच्याशी बोलण्यासाठी दुभाषी मिळाली ती स्पॅनिश भाषेची. या तोकड्या संभाषणातून आई अपत्याच्या संगोपनास असमर्थ असल्याचा निष्कर्ष काढला गेला आणि बालकल्याण यंत्रणेने नवजात मुलीला तिच्यापासून दूर केले. माय-लेकींची पुन्हा भेट होण्यास सुमारे एक वर्ष लागले. या प्रकरणावर पुढे न्यायालयीन दावाही झाला. समाजकार्याच्या अध्यापकाला मात्र त्यातील एक साधी बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे. मेक्सिकोहून आलेली व्यक्ती स्पॅनिश बोलतच असणार, हे गृहीतक कोणालाही तपासून पाहावेसे वाटले नाही.

स्थलांतरित व्यक्ती समाजकार्यकर्त्यासमोर येते ती आपल्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर. तिचे गाव, भाषा, कर्ज, सोडून आलेली माणसे यांपैकी काहीही त्या कार्यालयात दिसत नाही. हे न दिसणारे विद्यार्थ्याला दिसावे, या हेतूने अमेरिकेतील समाजकार्य महाविद्यालयांनी मेक्सिकोत स्थलांतरविषयक अभ्यासक्रम चालविले. अशा अभ्यासक्रमातून नेमके काय शिकता येते आणि त्याच्या मर्यादा कोठे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

स्थलांतरिताला समजून घेण्यासाठी त्याच्या मूळ प्रदेशात जाण्याची कल्पना नवी नाही. १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स व एलन गेट्स स्टार यांनी शिकागो येथे 'हल हाऊस' स्थापन केले, तेव्हा आसपासची वस्ती इटालियन, ग्रीक, जर्मन, पोलिश व रशियन ज्यू स्थलांतरितांची होती. अमेरिकेतील समाजकार्याची जडणघडण प्रामुख्याने अशा वस्त्यांतूनच झाली. तथापि वस्तीत राहणे आणि त्या वस्तीचे उगमस्थान पाहणे यांत अंतर आहे. ते अंतर ओलांडले एमिली ग्रीन बाल्च यांनी. अमेरिकेत येणाऱ्या स्लाव्ह लोकांचा अभ्यास करताना त्या १९०५ च्या सुमारास ऑस्ट्रिया-हंगेरीत गेल्या, तेथील गावांतून हिंडल्या आणि त्यानंतर त्याच लोकांच्या अमेरिकेतील वसाहतींत राहिल्या. त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. स्थलांतराची दोन्ही टोके एकाच अभ्यासकाने पाहावीत, हा त्यामागील विचार आजच्या परदेशी अभ्यासक्रमांचा पूर्वज म्हणावा लागेल. (वस्तीकेंद्राची ही परंपरा महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस उभारणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट हेच १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक होते.)

अभ्यासक्रमाचे स्वरूप

अमेरिकेतील समाजकार्याच्या अधिस्वीकृतीच्या नियमांनुसार पदवीसाठी किमान ४०० तास आणि पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तास क्षेत्रकार्य अनिवार्य आहे. त्यामुळे पूर्ण सत्र परदेशात घालविणे समाजकार्याच्या विद्यार्थ्याला कठीण जाते. परिणामी हे अभ्यासक्रम बहुधा उन्हाळी सुटीत, प्राध्यापकांच्या सोबतीने आणि एक ते चार आठवड्यांचे असतात. सकाळी भाषेचे वर्ग, दुपारी संस्थाभेटी, एखाद्या कुटुंबाकडे मुक्काम आणि शेवटी लेखी चिंतन असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. यातील संस्थाभेटीच सर्वाधिक गाजतात. परंतु सर्वांत मोलाचा भाग त्या नव्हेत, असे म्हणण्यास आधार आहे.

मूळ गावाचे वाचन

वाहाका प्रांताचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. मेक्सिको देशाने ६८ आदिवासी भाषांना मान्यता दिली असून त्यांपैकी अनेक भाषा या एकाच प्रांतात बोलल्या जातात. येथील मिश्तेक व सापोतेक मजूर प्रथम देशातल्या देशात, बाहा कॅलिफोर्नियातील सान किंतीनच्या टोमॅटोच्या मळ्यांवर जात. पुढे तेच सीमा ओलांडून कॅलिफोर्नियाच्या शेतांत पोहोचले. म्हणजे ज्याला अमेरिकेत 'आंतरराष्ट्रीय स्थलांतर' म्हटले जाते, ती हंगामी मजुरीच्या एका जुन्या वाटेची केवळ पुढची मजल होय. उसतोडीला जाणारी टोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वाहाकातील ५७० नगरपालिकांपैकी ४०० हून अधिक नगरपालिकांचा कारभार आजही पारंपरिक रूढींनुसार चालतो. गावाचे पद हा तेथे मान असतो, तसाच भारही. निवड झालेल्याने एक किंवा अधिक वर्षे, बहुधा विनावेतन, गावाची सेवा करावयाची असते. 'तेकियो' म्हणजे सामूहिक श्रमदान हेही गावकीचे कर्तव्य. कॅलिफोर्नियात द्राक्षे तोडणाऱ्या माणसालाही गाव अशा सेवेसाठी बोलावू शकते; तो न आल्यास पैसे भरतो, बदली माणूस देतो किंवा गावातील आपला हक्क गमावण्याची जोखीम पत्करतो. आता हा मजूर एकाएकी नोकरी सोडून गेला, मुले शाळेतून गळाली, तर अमेरिकेतील कार्यकर्त्याच्या नोंदीत 'कौटुंबिक अस्थिरता' असा शेरा पडण्याचा संभव आहे. गावसभेत तासभर बसलेला विद्यार्थी तो शेरा लिहिण्यापूर्वी एखादा प्रश्न तरी विचारील.

मूळ गावात समजणारी दुसरी गोष्ट म्हणजे परतीच्या वाटा कशा बंद झाल्या ही होय. १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली सुमारे ४६ लाख करारांद्वारे मेक्सिकन मजूर अमेरिकेच्या शेतांवर कायदेशीरपणे गेले. योजना संपली तरी ये-जा थांबली नाही. १९९४ मध्ये दोन घटना एकाच वर्षी घडल्या. जानेवारीत उत्तर अमेरिकन मुक्त व्यापार करार अमलात आला व पुढील काळात स्वस्त अमेरिकन मक्याच्या आयातीने लहान शेतकऱ्यांची कोंडी वाढली. त्याच वर्षी सान दिएगोच्या हद्दीत 'ऑपरेशन गेटकीपर' सुरू होऊन सीमेवरचा पहारा कडक झाला. १९९६ च्या कायद्याने आणखी भर घातली. अमेरिकेत एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेली व्यक्ती देशाबाहेर पडली, तर तिला दहा वर्षे पुनःप्रवेशास मनाई झाली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे कडक सीमेने येणाऱ्यांपेक्षा परतणाऱ्यांनाच अधिक रोखले. हंगाम संपताच घरी येणारा पुरुष तिकडेच राहू लागला, मागाहून बायको-मुलेही गेली. गावात उरले आजी-आजोबा आणि परदेशातील पैशांवर बांधलेली, कुलूपबंद सिमेंटची घरे.

मार्ग आणि सीमा

मधल्या टप्प्याचे दर्शन घडते ते आश्रयगृहांत. तिहुआना येथील स्कालाब्रिनी मिशनऱ्यांचे स्थलांतरितगृह १९८७ पासून चालू आहे. व्हेराक्रूझ प्रांतातील अमात्लान दे लोस रेयेस येथील 'लास पात्रोनास' या स्त्रिया १९९५ पासून मालगाड्यांवर बसून उत्तरेकडे जाणाऱ्यांच्या हाती भात-घेवड्याच्या पिशव्या देत आल्या आहेत. येथे विद्यार्थ्याला एक वेगळाच मेक्सिको भेटतो. पूर्वी केवळ माणसे पाठविणारा हा देश आता वाटेवरचा, नाइलाजाने थांबण्याचा आणि आश्रयाचाही देश झाला आहे. २०२३ मध्ये तेथे आश्रयासाठी सुमारे १ लाख ४० हजार अर्ज आले. अशा ठिकाणी हद्दपार होऊन आलेले तरुणही भेटतात. बालपण अमेरिकेत गेल्याने त्यांचे इंग्रजी विद्यार्थ्यांइतकेच सफाईदार असते, स्पॅनिश मात्र अडखळते. भाषेच्या वर्गात आठवडाभर घालवून आलेला विद्यार्थी येथे अनेकदा निरुत्तर होतो.

त्यानंतर तो सीमेवरील रांगेत उभा राहतो, पारपत्र दाखवितो आणि पलीकडे जातो. वर्गातील कोणत्याही व्याख्यानापेक्षा ही काही मिनिटे अधिक शिकवितात, बशर्ते प्राध्यापकाने त्याविषयी नंतर बोलण्यास वेळ ठेवला असेल. दुर्दैवाने वेळापत्रकात त्या दिवशी बहुधा परतीचा प्रवासच असतो.

परंतु सर्वच विद्यार्थ्यांच्या खिशात ते पारपत्र नसते. बालपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या तरुणांना २०१२ च्या 'डाका' धोरणाने हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण दिले. देशाबाहेर पाऊल टाकल्यास ते संरक्षण गमावण्याचा धोका होता. मात्र शैक्षणिक, मानवतावादी किंवा नोकरीच्या कारणासाठी पूर्वपरवानगी घेऊन जाऊन परत येण्याची सोय होती. त्यामुळे कॅलिफोर्नियातून मेक्सिकोला जाणारे काही अभ्यासक्रम या तरुणांसाठी जन्मगाव पाहण्याचा एकमेव कायदेशीर मार्ग ठरले. वीस वर्षांनी आजीला भेटलेल्या मुलीसाठी 'परदेश' आणि 'अध्ययन' या दोन्ही शब्दांचे अर्थ बदलतात. अशा परवानगीने परतलेल्यांपैकी काहींना, विशेषतः अमेरिकन नागरिकाशी विवाह झालेल्यांना, पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करणेही सुकर झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये ही परवानगी बंद झाली व डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा खुली झाली. एखाद्या अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकावर विद्यार्थ्याचे भवितव्य इतके अवलंबून असल्याची उदाहरणे विरळाच. अर्ज भरणाऱ्या प्राध्यापकावर येणारी जबाबदारीही तेवढीच जड.

यजमानांचा प्रश्न

एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोत सेवाकार्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या उत्तर अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढे इव्हान इलिच यांनी केलेले भाषण आजही अशा अभ्यासक्रमांत वाचावयास दिले जाते. इलिच स्वतः क्वेर्नाव्हाका येथे परदेशी लोकांसाठी भाषा व संस्कृतीचे केंद्र चालवीत होते. त्यामुळे त्यांचा रोख परक्यांच्या येण्यावर नव्हता. पाहण्यास या, शिकण्यास या, परंतु मदत करण्यासाठी येऊ नका, असे त्यांचे सांगणे होते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला हे पचणे अवघड जाते. मदत करणे हेच त्याच्या व्यवसायाचे नाव. तरीही दोन आठवड्यांसाठी आलेला, भाषा अर्धवट येणारा विद्यार्थी आश्रयगृहात मुलाखती घेऊ लागला, की वाटेत लुटल्या गेलेल्या स्त्रीला आपली कहाणी त्याच महिन्यात चौथ्यांदा सांगावी लागते आणि तिच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून जाणत्या संस्था विद्यार्थ्यांना स्वयंपाकघरात व कपड्यांच्या कोठारात काम देतात. कोणी आपणहून बोलले तर ऐकावे, विचारू नये, असा दंडक घालतात. ही बंधने अध्यापनाच्या दृष्टीनेही योग्यच आहेत.

परतफेडीचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. मेक्सिकोतही समाजकार्य शिक्षणाची स्वतःची परंपरा आहे, राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे स्वतंत्र समाजकार्य विद्यालय आहे. तेथील विद्यार्थी व अमेरिकन विद्यार्थी यांनी एकत्र बसून एकाच कुटुंबाच्या दोन टोकांचा अभ्यास करावा, ही योजना कागदावर आदर्श ठरते. अमेरिकन विद्यार्थ्यांची तुकडी त्यासाठी व्हिसा न घेता विमानात बसते, कारण १८० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी अमेरिकन पारपत्रधारकास मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. मेक्सिकन तुकडीला परतभेटीसाठी अमेरिकन व्हिसा काढावा लागतो. आपण शिक्षण सोडून तिकडेच राहणार नाही, हे त्यांतील प्रत्येकाला वकिलातीच्या खिडकीवर आधी पटवून द्यावे लागते.