जुना ऑसिलोस्कोप चुकतो तेव्हा

घरात येणाऱ्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. एका प्रयोगशाळेत मुलं तीच मोजत होती. जुना ॲनालॉग ऑसिलोस्कोप, त्याला ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडलेला आणि वेळेचं बटण ‘एका घराला ५ मिलिसेकंद’ असं लावलेलं. पडद्यावर एक पूर्ण लाट ३.२ घरांत बसत होती. म्हणजे तिला १६ मिलिसेकंद लागले. वारंवारता आली ६२.५ हर्ट्झ. प्रयोगवहीत मात्र सगळ्यांनी ५० लिहिलं! का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “हा स्कोप चुकीचंच दाखवतो.”

आम्हाला वाटलं, बिघाड स्कोपपेक्षा इथेच मोठा आहे. चूक शोधण्याऐवजी उत्तरच बदलून टाकायची सवय लागते आहे. म्हणून आम्ही मुलांबरोबर ती चूक शोधायला बसलो.

आधी स्कोप मोजतो कसा ते पाहू. नळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळतो आणि तिथे ठिपका उजळतो. पट्ट्यांची एक जोडी हा झोत व्होल्टेजच्या प्रमाणात वर-खाली ओढते, तर दुसरी त्याला ठरावीक वेगानं डावीकडून उजवीकडे नेते. उभं घर म्हणजे इतके व्होल्ट, आडवं घर म्हणजे इतका वेळ, हे नातं पक्कं असेल तरच चित्रावरून मोजता येतं. ते नातं खात्रीच्या प्रमाणाशी ताडून पाहणं म्हणजे कॅलिब्रेशन.

स्कोप सुरू करून अर्धा तास तापू द्यावा. मग बटणं पाहावीत. व्होल्ट आणि वेळ यांच्या मुख्य बटणांबरोबर एकेक छोटं बटण असतं. ते ‘कॅल’ या खुणेवर नसेल तर घरांवरचे आकडे निरर्थक ठरतात. आमच्या स्कोपमध्ये वेळेचं छोटं बटण असंच मध्येच फिरलेलं होतं. ते ‘कॅल’वर आणताच लाट बरोबर ४ घरांत बसली. २० मिलिसेकंद, ५० हर्ट्झ! म्हणजे स्कोप चुकत नव्हता, आपणच त्याला चुकीचं विचारत होतो.

आता उंची. त्यासाठी मल्टिमीटरवर १.५ व्होल्ट दाखवणारा सेल घेतला. बटण ‘एका घराला ०.५ व्होल्ट’वर ठेवलं आणि जोडणी ‘डीसी’ केली. ‘एसी’ ठेवली तर रेघ उडी मारून परत जागेवर येते, हे मुलांना मुद्दाम दाखवावं. प्रोबवर दहापट कमी करणारी कळ असते, तीही तपासली. रेघ ३ घरं सरकायला हवी होती, ती २.७ घरं सरकली. जुन्या स्कोपमध्ये ३ टक्के फरक चालून जाईल, पण हा १० टक्के होता.

फरक कुठून येतो हे स्कोप न उघडताही ओळखता येतं. बटणाच्या एकाच स्थितीत चूक असेल तर त्या स्थितीचा रोध किंवा मळलेला संपर्क संशयित. सगळ्या स्थितींत सारखीच चूक असेल तर विवर्धक. आणि उभी-आडवी दोन्ही मापं एकाच प्रमाणात चुकत असतील तर झोताला वेग देणारा उच्च दाब. तो घटला की झोत मंद होतो, पट्ट्यांमधून जायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि तो जास्त वळून चित्र मोठं होतं.

मुलांनी बटण ०.२ व्होल्टवर नेलं. ७.५ऐवजी ६.७५ घरं आली. १ व्होल्टवर १.५ऐवजी १.३५ आली. चूक सगळीकडे १० टक्के, आणि वेळ मात्र अचूक. म्हणजे दोष विवर्धकाचा, असं मुलांनीच सांगितलं.

चौकोनी लाटेचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसत असतील तर दोष बहुधा प्रोबचा असतो. दहापट कमी करणारा प्रोब स्कोपच्या ‘कॅल’ टोकाला जोडावा आणि प्रोबवरचा छोटा स्क्रू कोपरे सरळ होईपर्यंत फिरवावा.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. प्रोब थेट घरच्या विजेला लावू नये. त्याचा चिमटा आतून अर्थिंगला जोडलेला असतो. आणि मुलांसमोर स्कोपचं झाकण उघडू नये. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही धारित्रांमध्ये भार उरतो. आतले स्क्रू जाणकारानंच फिरवावेत.

तोपर्यंत काय? मुलांनी स्कोपवर चिठ्ठी चिकटवली: ‘उंचीवरून आलेले व्होल्ट ०.९ने भागा’, खाली तारीख. चूक किती आहे हे ठाऊक असलेलं उपकरण वापरता येतं. पुढच्या प्रयोगात वहीत दोन्ही आकडे आले, दिसलेला आणि दुरुस्त केलेला.

तुमच्या शाळेतला स्कोप काय दाखवतो? एक सेल घेऊन पाहा तर!