चाकूला चामड्याचा पट्टा

मंडळी, न्हाव्याचा पट्टा आपण पाहिला आहे. खिशातल्या चाकूलाही तसाच लागतो. दगडावर घासलेल्या पात्याच्या कडेला पोलादाची बारीक वळलेली कोर उरते, ती पट्ट्यावर निघते. आम्ही म्हणतो, तयार आणण्यापेक्षा पट्टा करावा. आमच्या जळकोटशेजारच्या सोलापूरसह आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे झाडाच्या सालीने कमावलेले कातडे घट्ट असते. क्रोमचे मऊ कातडे दबते आणि धार गोल होते. तळाची उरलेली वीतभर पट्टी कारागिराकडून घ्यावी. फुकट मात्र मागू नये. तुकड्यातही कमावणाऱ्याची मजुरी असते! पट्टी सपाट फळीला चिकटवावी. पात्याची पाठ पुढे, धार मागे ठेवून ओढावे. उलट केल्यास कातडेच कापते. जोर नको. दहा-बारा हात पुरेत.